'झिजला' म्हणजे नेमकं काय झालं? जुन्या संगणकातले सर्ज-रक्षक आणि माझा एक घाईचा निष्कर्ष

पेटची तयारी करणाऱ्या दोघा-तिघांनी विचारलं होतं, "ताई, क्रिटिकल रीडिंग म्हणजे नेमकं काय करायचं? पेपरमधल्या चुका काढायच्या का?" उत्तर म्हणून आज एकच वाक्य घेते आणि ते तुमच्यासमोर सुटं करते. वाक्य असं आहे:

"सर्जपासून वाचवणारे भाग प्रत्येक सर्जबरोबर थोडे थोडे झिजतात, त्यामुळे तीस-चाळीस वर्षं जुन्या संगणकातले हे भाग आता संपलेले असतात."

जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य ऐकायला मिळेल. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. मलाही वाटलं होतं. इतकं, की विभागातल्या एका पोस्टरवर मी ते माझा निष्कर्ष म्हणून छापणार होते. का छापलं नाही, तेच आज सांगते.

गोष्ट कुठून सुरू झाली

आमच्या लॅबच्या अडगळीच्या खोलीत १९८० च्या दशकातला एक संगणक पडून होता, आणि त्याच्यासोबत सव्वापाच इंची फ्लॉप्यांचा एक डबा. त्यात सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची मोजमापं होती आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. यंत्र चालू करून बघायचं ठरलं. एक सीनियर म्हणाला, "थांब, सर्ज प्रोटेक्शन झिजलेलं असणार, आधी ते बदल." माझी पीएचडी झिंक ऑक्साइडच्या सिरॅमिकवर आहे, आणि सर्ज-रक्षक त्याच सिरॅमिकचे बनतात. म्हटलं, नुसते बदलायचे कशाला, मोजूया.

संगणकाचा पॉवर सप्लाय आणि त्याच्यासोबतचा जुना स्पाइक गार्ड उघडून त्यातले सर्ज-रक्षक काढले आणि मोजले. ज्यावर ४३० व्होल्ट असायला हवेत, त्यातला एक ३९६ दाखवत होता. मी खूश. "वयोमानाने झीज" असं शीर्षक देऊन पोस्टरचा मसुदा केला. सरांनी तो वाचला आणि एकच विचारलं: "नवा होता तेव्हा किती होता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो आकडा कुणाकडेच नव्हता.

एका शब्दाखाली किती वस्तू आहेत?

दावा तपासताना पहिलं काम म्हणजे कर्ता शोधायचा. 'सर्जपासून वाचवणारे भाग' म्हणजे नक्की कोणते? जुन्या संगणकाचा पॉवर सप्लाय उघडला, तर या नावाखाली लोक निदान तीन वेगळ्या वस्तू दाखवतात.

पहिली, एमओव्ही, म्हणजे मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर. गोल, चपटी, बहुधा निळी किंवा पिवळसर चकती. मेन्सच्या दोन तारांमध्ये जोडलेली. व्होल्टेज एका मर्यादेपलीकडे गेलं, की ही वाहायला लागते आणि जादाचा झटका स्वतःवर घेते. खरा सर्ज-रक्षक हाच.

दुसरी, एक्स-टू वर्गाचा कपॅसिटर. हाही मेन्सच्या दोन तारांमध्येच बसतो, पण त्याचं काम विद्युतीय गोंगाट गाळण्याचं आहे. सर्ज अडवणं हे त्याचं काम नाही. फक्त तो सर्ज *सोसेल*, एवढी अट त्याच्यावर असते. या वर्गाला २.५ किलोव्होल्टपर्यंतच्या शिखराचा झटका झेपला पाहिजे.

तिसरी, एनटीसी थर्मिस्टर. यंत्र चालू करताच रिकामे कपॅसिटर भरण्यासाठी जो मोठा प्रवाह आत घुसतो, तो हा रोखतो. त्यालाही 'सर्ज' म्हणतात, पण हा सर्ज प्रवाहाचा, आणि तो यंत्राच्या आतल्या मागणीमुळे येतो. बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजच्या झटक्याशी त्याचा संबंध नाही.

आता या तिघांचं बिघडणं बघा. एनटीसी दर वेळी तापतो आणि थंड होतो, त्यातून त्याला तडे जाऊ शकतात. शिवाय यंत्र बंद करून लगेच चालू केलं, तर तो गरमच असतो आणि त्या वेळी काहीच अडवत नाही. तेव्हा तो झिजलेला नसतो, थंड व्हायला त्याला वेळ मिळालेला नसतो.

एक्स-टू कपॅसिटरची तऱ्हा आणखी वेगळी. त्या काळी धातूचा पातळ थर दिलेल्या कागदाचे, पारदर्शक पिवळसर आवरणातले कपॅसिटर सर्रास वापरले जात. वर्षांनुवर्षं त्या आवरणाला बारीक तडे जातात, तड्यांतून दमट हवा आत शिरते, कागद ती शोषतो, आणि मेन्स जोडल्यावर काही मिनिटांत तो कपॅसिटर उग्र वासाचा धूर सोडतो. ब्रिटनमधल्या बीबीसी मायक्रो या संगणकाच्या पॉवर सप्लायबाबत हे जुन्या यंत्रांच्या दुनियेत सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक प्रकल्पात हेच बीबीसी मायक्रो आले होते, त्यामुळे एखाद्या शाळेच्या कपाटात अजूनही तो सापडू शकतो. तिथे धूर निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "सर्ज प्रोटेक्टर गेला." पण तो कपॅसिटर सर्जमुळे गेलेला नसतो, ओलीमुळे गेलेला असतो. पुढची गंमत अशी की तो नुसता कपाटात पडून राहिला तरी बिघडू शकतो, कारण दमट हवा आत शिरायला वीज लागत नाही.

म्हणजे मूळ वाक्यातला कर्ताच तीन ठिकाणी फुटला. एकाचं कारण उष्णतेची चढउतार, दुसऱ्याचं ओल. 'प्रत्येक सर्जबरोबर झिजतात' हे विधान उरलं फक्त एमओव्हीपुरतं. आता ते तिथे तरी टिकतं का, बघूया.

चकतीच्या आत

झिंक ऑक्साइडच्या या गुणधर्मावरचा पायाभूत पेपर १९७१ मध्ये आला. जपानच्या मात्सुशिता कंपनीतल्या मिचिओ मात्सुओका यांनी लिहिलेला. झिंक ऑक्साइडच्या भुकटीत बिस्मथ, कोबाल्ट, मँगेनीज वगैरेंची ऑक्साइडं थोड्या प्रमाणात मिसळायची आणि ती भट्टीत भाजायची. भाजल्यावर बारीक बारीक कण एकमेकांना चिकटतात. कण स्वतः चांगले वाहक, पण दोन कण जिथे भेटतात ती सीमा अडथळा बनते. अशा एका सीमेवर साधारण ३ व्होल्टपर्यंत जवळजवळ काही वाहत नाही. त्यापुढे गेलं की धरणाचं दार उघडावं तसा प्रवाह सुटतो.

आता हिशोब करा. आपल्या २३० व्होल्टच्या मेन्ससाठी सर्रास वापरला जाणारा एमओव्ही '२७५ व्होल्ट एसी'चा असतो. त्याचं व्हॅरिस्टर-व्होल्टेज ४३० मानलं जातं, म्हणजे ४३० व्होल्ट डीसी लावल्यावर त्यातून १ मिलिअँपिअर वाहतो. दर सीमेला ३ व्होल्ट धरले, तर चकतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत सुमारे १४० सीमा एकापाठोपाठ एक उभ्या आहेत. मेन्सचं शिखर ३२५ व्होल्टचं, त्यामुळे रोजच्या दिवसात त्या शांत असतात.

मोठा झटका येतो तेव्हा हजारो अँपिअर काही मायक्रोसेकंदांसाठी या सीमांमधून जातात. कण सगळे सारख्या आकाराचे नसतात, त्यामुळे प्रवाह सगळीकडे सारखा पसरत नाही. ज्या वाटेवर सीमा कमी, तिथे तो गर्दी करतो आणि ती वाट जास्त तापते. अशा वेळी सीमेवरच्या अडथळ्याची उंची कायमची कमी होऊ शकते. एमओव्हीची 'झीज' म्हणतात ती ही. तिथलं द्रव्य कमी झालेलं नसतं. अडथळा कमी झालेला असतो.

हा फरक नुसता शब्दांचा वाटेल, पण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

आलेख म्हणजे मीटर नव्हे

'प्रत्येक सर्जबरोबर थोडा झिजतो' याला पुरावा म्हणून लोक डेटाशीटमधला एक आलेख दाखवतात. आडव्या अक्षावर झटक्याची लांबी, उभ्या अक्षावर प्रवाह, आणि तिरक्या रेषा: १ वेळ, १० वेळा, १०० वेळा, असं करत दहा लाखांपर्यंत. १४ मिलिमीटरच्या नेहमीच्या चकतीला ४५०० अँपिअरचा प्रमाणित झटका, म्हणजे ८ मायक्रोसेकंदांत चढणारा आणि २० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येणारा, एकदाच झेपतो. प्रवाह कमी केला, की झेपणाऱ्या झटक्यांची संख्या झपाट्याने वाढते.

हा आलेख मी पहिल्यांदा वाचला तो मोबाइलच्या रिचार्जसारखा. शिल्लक शंभर झटके, एक वापरला, नव्व्याण्णव उरले. हे वाचन तीन ठिकाणी चुकतं.

एक, दोन्ही अक्ष लॉगरिदमिक आहेत. मोठा झटका आणि छोटा झटका यांच्या परिणामात काही पटींचा नाही, हजारो पटींचा फरक आहे. तेव्हा 'प्रत्येक' सर्ज हा शब्दच निरर्थक ठरतो. पंखा बंद केल्यावर येणारा बारीक टोचा आणि शेजारच्या खांबावर पडलेली वीज यांना एकाच वहीत एकेक रेघ मारून मोजता येत नाही.

दोन, रेषेवर जे संपतं ते आयुष्य नव्हे. व्हॅरिस्टर-व्होल्टेज मूळ किमतीपासून १० टक्के हललं, की चाचणीत 'संपला' म्हणायचं, असा हा संकेत आहे. १० टक्के ही माणसांनी ठरवलेली रेघ आहे. त्या रेघेवर चकतीत काही फुटत नाही.

तीन, आलेखातले झटके सुटे सुटे आणि ठरावीक आकाराचे आहेत. घरातल्या तारेवर येणारं सगळंच तसं नसतं, आणि एमओव्हीला खरा धोका बऱ्याचदा आलेखाबाहेरच असतो. त्याकडे येतेच.

झीज कुठल्या बाजूला?

आता माझी सगळ्यात मोठी चूक. 'झिजला' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चपलेचा तळ येतो, नाहीतर ब्रेकचा पॅड. झिजला म्हणजे कमी उरला, कमी उरला म्हणजे काम कमी करणार. म्हणून जुना एमओव्ही 'संरक्षण देत नाही' असं आपण सरळ समजून चालतो.

एमओव्हीचं बहुतेक वेळा याच्या उलट होतं. अडथळे खचले की व्हॅरिस्टर-व्होल्टेज *खाली* येतं, म्हणजे तो आधीपेक्षा लवकर वाहायला लागतो. सर्ज तो तसाही अडवतोच. बिघाड होतो तो रोजच्या शांत मेन्सवर, कारण आता तिथेही तो थोडा वाहतो. किती? गुडघ्यापलीकडच्या भागात प्रवाह व्होल्टेजच्या साधारण ३० व्या घातानुसार वाढतो असं धरा. उंबरठा १० टक्के खाली आला, तर त्याच ४३० व्होल्टला १ मिलिअँपिअरऐवजी सुमारे २४ मिलिअँपिअर वाहतील. गुडघ्याच्या अलीकडे, म्हणजे मेन्सच्या ३२५ व्होल्टच्या आसपास, वाढ इतकी तीव्र नसते, पण दिशा तीच. प्रवाह वाढला की चकती तापते. तापली की गळती आणखी वाढते. गळती वाढली की आणखी तापते. चकती जितकी उष्णता बाहेर टाकू शकते त्याहून जास्त तयार व्हायला लागली, की हे चक्र थांबत नाही.

तेव्हा खचलेल्या एमओव्हीबद्दल पहिली भीती आग लागण्याची हवी. 'आता सर्ज आत शिरेल' ही भीती त्यानंतरची. संरक्षण पूर्ण जातं ते शेवटच्या टप्प्यात: चकती फुटून तुटली तर, किंवा तिच्यासोबतचा फ्यूज उडून ती मेन्सपासून सुटली तर.

याचाच पुढचा धडा मोजमापाचा. साधा मल्टिमीटर ओहमवर लावून लोक सांगतात, "अनंत दाखवतोय, म्हणजे ठीक आहे." मल्टिमीटर ओहम मोजताना जेमतेम काही व्होल्ट लावतो. शेकडो व्होल्टला जागा होणारी वस्तू तिथे झोपलेलीच दिसणार. या चाचणीत फक्त पूर्ण शॉर्ट झालेला एमओव्ही सापडतो. अर्धवट खचलेला सुटतो. चकती वरून स्वच्छ दिसते, हाही पुरावा नाही.

३९६ चा प्रश्न

माझ्याकडे योग्य मोजमाप होतं. प्रवाहाला मर्यादा घालणारा डीसी स्रोत, १ मिलिअँपिअर, ३९६ व्होल्ट. मग सरांचा आक्षेप काय होता?

४३० हा आकडा म्हणजे नेमकी किंमत नाही. कारखान्यातून येणाऱ्या चकतीला १० टक्के इकडे-तिकडे मुभा असते, म्हणजे ३८७ ते ४७३. या पट्ट्यातली कुठलीही चकती कोरी करकरीत आणि बिनदोष. आता ३९६ दाखवणाऱ्या चकतीच्या दोन कहाण्या शक्य आहेत. पहिली, ती जन्मतःच ३९६ ची होती आणि चाळीस वर्षांत तिला काहीच झालं नाही. दुसरी, ती ४४० ची होती, बरोबर १० टक्के खाली आली, आणि डेटाशीटच्या व्याख्येनुसार तिचं आयुष्य संपलं. दोन्हींचं वाचन एकच.

झीज म्हणजे *बदल*. बदल सांगायला दोन मोजमापं लागतात. माझ्याकडे एक होतं, आणि दुसऱ्याच्या जागी मी चकतीवर छापलेला आकडा ठेवला होता. तयार होतानाची मुभा आणि संपण्याची रेघ, दोन्ही १० टक्के असल्यामुळे एका वाचनातून निकाल लावणं तिथे शक्यच नव्हतं.

मग काय करता आलं असतं? काही गोष्टी होत्या. मेन्सच्या शिखराएवढं व्होल्टेज लावून गळती दोन्ही दिशांनी मोजायची. एकाच दिशेचे मोठे झटके बसले असतील तर दोन दिशांचे आकडे वेगळे येऊ शकतात, आणि अशा तुलनेला जन्माचा दाखला लागत नाही. तापमान वाढवून गळती कशी वाढते ते बघायचं. त्याच प्रकारच्या नव्या चकत्या शेजारी ठेवायच्या, आणि त्या वेगळ्या बॅचच्या आहेत हे स्पष्ट लिहायचं. यातून 'झिजला' सिद्ध झालं असतं असं नाही, पण शंका जास्त नेमकी झाली असती. मसुद्यात यातलं काहीच नव्हतं.

कमी म्हणजे चांगलं नव्हे

या विषयात नवशिक्याने वाचावाच असा एक पेपर आहे. फ्रान्स्वा मार्टझलॉफ आणि थॉमस लीडी यांचा, १९८९ चा. मार्टझलॉफ आधी जनरल इलेक्ट्रिकमध्ये होते, नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत. व्हॅरिस्टरचं व्होल्टेज निवडताना 'कमी म्हणजे जास्त चांगलं' हे खरं नाही, असं पेपर शीर्षकातच सांगतो.

तेव्हा बाजारात चढाओढ होती की आमचा रक्षक सर्जला अधिक खालच्या व्होल्टेजवर अडवतो. ग्राहकालाही तेच पटतं: जितकं कमी आत जाईल तितकं बरं. लेखकांचा मुद्दा असा की उंबरठा मेन्सच्या जितका जवळ आणाल, तितक्या वेळा तो रक्षक विनाकारण मध्ये पडेल आणि तितक्या लवकर म्हातारा होईल. अशा अकाली म्हातारपणाची चार *संभाव्य* कारणं ते मांडतात.

या पेपरची ताकद ही, की त्याने प्रश्नच हलवला. 'किती सर्ज आले' याऐवजी 'उंबरठा मेन्सपासून किती दूर ठेवला' असं तो विचारतो. आपल्याकडे लावून बघा. भारतात अनेक वर्षं पुरवठ्याचा घोषित आकडा २४० व्होल्ट, अधिक-उणे ६ टक्के होता. म्हणजे नियम पाळूनही २५४ व्होल्ट येऊ शकत. तिथे कुणी '२५० व्होल्ट एसी'चा एमओव्ही बसवला असेल, तर एकही सर्ज न येता तो रोज मर्यादेवर उभा आहे. आणि न्यूट्रल तुटला, म्हणजे आपल्या भाषेत 'घरात फोर-फोर्टी आला', तर? सर्ज २० मायक्रोसेकंदांचा असतो. मेन्सचं एकच आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे हजारपट लांब. सर्ज सहज झेलणारी चकती या वाढलेल्या मेन्सवर काही सेकंदांत भाजून निघते. मघाशी म्हटलं तो आलेखाबाहेरचा धोका हाच. आपण मात्र नंतर म्हणतो, 'सर्जने गेला.'

पेपर वाचताना सावध कुठे राहायचं? 'संभाव्य' या शब्दापाशी. कारण मांडणं आणि तेच कारण प्रत्यक्षात किती चकत्यांना मारतं हे दाखवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पुढे हा पेपर उद्धृत करणारे हा शब्द गाळतात आणि 'सिद्ध झालं आहे' लिहून मोकळे होतात. मीही मसुद्यात तसंच लिहिलं होतं. मूळ लेखकांनी जपून टाकलेला शब्द आपण सांडायचा आणि श्रेय मात्र त्यांच्या नावावर टाकायचं, हे बरोबर नाही.

अशीच खबरदारी वेगवान म्हातारपणाच्या चाचण्यांबाबत. मोठ्या वीजवाहिन्यांवरच्या सर्ज-रक्षकांच्या चकत्या ११५ अंश सेल्सिअसवर, व्होल्टेज लावून, १००० तास ठेवून तपासतात आणि त्यावरून वर्षांचा अंदाज बांधतात. चाचणी उत्तम आहे, पण ती *व्होल्टेज लावलेल्या* चकतीबद्दल बोलते. आमचा संगणक अडगळीत बिनविजेचा पडून होता. त्याची चाळीस वर्षं म्हणजे त्या चाचणीतली चाळीस वर्षं नव्हेत.

मग वयाचा काहीच संबंध नाही?

आहे, पण वेगळ्या वाटेने. घरगुती सर्ज-रक्षकांसाठीचं यूएल १४४९ हे अमेरिकी मानक १९८५ मध्ये आलं. १९९८ पासून लागू झालेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीने वाढलेल्या मेन्सवर रक्षक सुरक्षितपणे बंद पडतो का, याच्या चाचण्या कडक केल्या. त्यानंतर चकतीला चिकटून बसणारा, ती तापली की तिला मेन्सपासून तोडणारा थर्मल फ्यूज रूढ झाला. त्याआधीच्या बऱ्याच उपकरणांत तो नसतो. तेव्हा १९८० च्या दशकातला स्पाइक गार्ड मी आज जोडणार नाही. त्यातली चकती कदाचित नव्यासारखी असेल. पण ती बिघडलीच, तर तिला थांबवणारं शेजारी कुणी नाही. वयाचा धोका इथे डिझाइनमधून येतो. चकती झिजली आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आणखी एक सापळा पुराव्याचा. 'माझा एमओव्ही फुटला' हे लोक फोटोसकट सांगतात. 'माझा चाळीस वर्षं निमूट बसलाय' हे कोण सांगतं? आणि उलट, आज कपाटात सापडणारी यंत्रं ही वाचलेली यंत्रं आहेत. जळाली ती केव्हाच भंगारात गेली. दोन्ही बाजूंनी छेद गायब असताना टक्केवारी काढता येत नाही.

शेवटी काय केलं

आम्ही सगळे जुने एमओव्ही आणि पिवळे कपॅसिटर बदलले. हो, बदलले. नवे घेताना २७५ व्होल्टचे आणि थर्मल फ्यूज असलेले घेतले. काढलेल्या चकत्यांवर चिठ्ठ्या लावून, आजचं वाचन लिहून त्या जपून ठेवल्या. निदान पुढच्या कुणाकडे पहिला आकडा तरी असेल. (हे काम कुणी करणार असाल तर एकट्याने नको. मेन्स काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट बसून असू शकतात.)

बदलले असतील तर मग एवढं चऱ्हाट कशासाठी? कारण 'बदलावा' आणि 'झिजला होता' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिला निर्णय आहे. भाग स्वस्त, आगीचा धोका महाग, फ्लॉप्या एकुलत्या एक. पुरावा अपुरा असतानाही तो निर्णय योग्यच. दुसरं विधान आहे, आणि त्याला पुरावा लागतो. दुरुस्ती करणारा माणूस पहिल्या वाक्यावर थांबला तर त्याचं काहीच चुकत नाही. संशोधक पहिल्यावरून गुपचूप दुसऱ्यावर सरकला, की चूक होते. आणि ती पकडणं कठीण, कारण यंत्र चालू झालेलं असतं आणि सगळे खूश असतात.

पोस्टरवरचं शीर्षक मी बदललं: 'जुन्या व्हॅरिस्टरचं एकच मोजमाप काय सांगू शकत नाही.' गर्दी जमली नाही. पण दुसऱ्या विभागातल्या एका मुलीने येऊन सांगितलं, की तिच्या मोजमापांतही सुरुवातीचा आकडा नाहीये, आणि तिचा सिनॉप्सिस पुढच्या महिन्यात आहे. आम्ही दोघी कँटीनमध्ये तासभर तिची वही घेऊन बसलो.

तुमच्याही वाचनात 'झिजला', 'सुधारला', 'वाढला', 'घटला' असं क्रियापद आलं, की पेन खाली ठेवा आणि आधी कितीचं होतं ते शोधा. पेपरमध्ये सापडलं तर पुढे वाचा. नाही सापडलं, तर समासात प्रश्नचिन्ह काढा. तुमच्या रिसर्च प्रपोजलचा पहिला परिच्छेद कदाचित तिथूनच निघेल.

शंका असतील तर विचारा. पुढच्या वेळी गळतीचा प्रवाह दोन्ही दिशांनी कसा मोजतात ते आकृतीसकट सांगते.